बुलेट ३५० (पॉइंटवाली) : टायमिंग बरोबर लावलं तरी गरम इंजिनवर किक उलटी येते

महूनाका :
नमस्कार मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे पण सगळं नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून लिहितोय. बाबांची बुलेट ३५० आहे, १९७९ची, बिडाचं इंजिन, गियर उजवीकडे ब्रेक डावीकडे. बाबांनी ती महूच्या एका रिटायर्ड सुभेदारांकडून घेतली होती. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घराच्या बोळात अकरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून. मागच्या दिवाळीत मी ती बाहेर काढली. कार्ब्युरेटर साफ केला, टाकी आतून धुतली, नवी बॅटरी (१२ व्होल्टची वायरिंग आधीच करून घेतलेली होती), नवा प्लग, नवे पॉइंट (प्लगला ठिणगी पाडणारा उघडझाप स्विच). सकाळी थंड गाडी दुसऱ्या किकला सुरू होते, आवाज ऐकून शेजारचे काका गॅलरीत येऊन उभे राहतात.

प्रॉब्लेम गरम झाल्यावर आहे. पंधरा-वीस किलोमीटर चालवून छप्पन दुकानला (आमची खाऊगल्ली) पोहे खायला थांबलो आणि परत किक मारायला गेलो की किक उलटी येते. थोडीथोडकी नाही, मागच्या रविवारी घोटा सुजला, दोन दिवस चप्पल घालता येत नव्हती. एका मेकॅनिकला दाखवली, त्यांनी डिस्ट्रिब्युटर (पॉइंट असतात ती डबी) अंदाजाने फिरवून टायमिंग मागे केलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असं. किक उलटायची थांबली पण गाडीत दमच राहिला नाही, ओंकारेश्वरहून येताना भेरूघाट दुसऱ्या गियरवर चढली आणि घरी येऊन बघतो तर सायलेन्सरचा बेंड निळा पडलेला. मग मी स्वतः प्लगच्या भोकातून स्वेटरची सुई घालून टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) अलीकडे ०.८ मिमी मोजून टायमिंग लावलं. दम परत आला आणि किक उलटणंही परत आलं. आता काय करू? बाबा ओट्यावर बसून नुसता आवाज ऐकतात आणि म्हणतात, टायमिंग नाही रे, दुसरंच काहीतरी आहे. पण काय ते त्यांनाही सांगता येत नाहीये.

मालवी_फटफटी :
इलेक्ट्रॉनिक किट बसवून टाक भिया. पॉइंटची कटकटच मिटेल.

जुनी_डुगडुग :
किट बसवायचं की नाही ते नंतर बघू, तो ज्याचा त्याचा निर्णय. पण किट बसवलं तरी बेसिक टायमिंग लावावंच लागतं आणि खाली जर दुसरा दोष असेल तर तो किटनेही जात नाही. आधी दोष शोधू.

महूनाका, तुमच्या बाबांचा कान खरा आहे असं मला वाटतंय. का ते सांगतो, पण आधी तीन गोष्टी सांगा. टायमिंग लावायच्या आधी पॉइंटचा गॅप लावला होता का, की नंतर? सुई प्लगच्या भोकातून घातली तेव्हा ती तिरकी होती ना? आणि गाडी बंद केल्या केल्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतला कॅम (पॉइंट उघडणारा फिरता तुकडा) कधी बोटाने फिरवून बघितलाय का?

महूनाका :
काका, गॅप नंतर लावला, म्हणजे टायमिंग लावून झाल्यावर वाटलं की गॅप जास्त दिसतोय म्हणून फिलर गेज (गॅप मोजायची पाती) घालून कमी केला. सुई हो तिरकीच होती, भोकच तिरकं आहे. कॅम फिरवून बघितला नाही, फिरवायचा असतो हे माहीतच नव्हतं.

जुनी_डुगडुग :
बरं. आता बैजवार लिहितो, चहा घेऊन बसलोय.

पहिली गोष्ट गॅपची, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. पॉइंट उघडतात त्या क्षणी ठिणगी पडते. बंद असताना कॉइलमधे करंट भरत असतो, उघडले की तो तुटतो आणि कॉइल प्लगकडे झटका देते. म्हणजे टायमिंग लावणं म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण लावणं. आता गॅप वाढवला की कॅमचा उंचवटा टाचेला लवकर लागतो, पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. गॅप कमी केला की पॉइंट उशिरा उघडतात, टायमिंग मागे येतं. म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर, कायम. टायमिंग लावून मग गॅपला हात लावला म्हणजे लावलेलं टायमिंग गेलं. नव्या पॉइंटची फायबरची टाच पहिल्या काहीशे किलोमीटरमधे बसते, झिजते, गॅप आपोआप कमी होतो आणि टायमिंग हळूहळू मागे सरकतं, आपल्याला वाटतं गाडी म्हातारी झाली. कॅमवर ग्रीसचा अगदी बारीक टिपका लावत जा, जास्त नको, उडून पॉइंटवर गेलं तर जळतं. बुलेटला गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, आणि तो मोजायचा कॅमच्या सगळ्यात उंच जागी.

दुसरी गोष्ट सुईची. भोक तिरकं म्हणजे सुई तिरकी. पिस्टन सरळ ०.८ मिमी उतरला तर तिरकी सुई त्याहून जास्त सरकते. उलट सांगायचं तर तुमच्या सुईवर ०.८ दिसले तेव्हा पिस्टन प्रत्यक्षात त्याहून कमी उतरलेला होता, म्हणजे तुमचं टायमिंग पुढे नाही, थोडं मागेच लागलंय. त्यावर तुम्ही गॅप कमी केलात, म्हणजे अजून मागे.

आता विचार करा. टायमिंग दोन्ही कारणांनी मागे आहे आणि तरी किक उलटतेय, आणि तीही फक्त गरम झाल्यावर. किक उलटते कधी? पिस्टन वर पोचायच्या खूप आधी ठिणगी पडली आणि किकचा वेग इतका कमी असतो की स्फोट पिस्टनला उलटं ढकलतो तेव्हा. मग ठिणगी लवकर पाडतंय कोण? पॉइंटच्या प्लेटखाली ऑटो अ‍ॅडव्हान्सची वजनं असतात. इंजिन पळायला लागलं की ती बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे फिरवतात, म्हणजे ठिणगी लवकर पडते, इंजिन हळू झालं की स्प्रिंग त्यांना आत ओढते. तुमची गाडी अकरा वर्षं उभी होती. तिथलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असणार. सकाळी वजनं आत बसलेली असतात म्हणून गाडी शहाण्यासारखी सुरू होते. चालवून थांबलात की ती बाहेरच अडकून राहतात, आणि पुढची किक तुम्ही पूर्ण अ‍ॅडव्हान्सवर मारता.

तपासणं सोपं आहे. वीस किलोमीटर चालवून या, गाडी बंद करा, किक मारायला जाऊ नका. झाकण काढा. कॅम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने बोटाने पिळा, सोडा. टचकन परत यायला पाहिजे. रेंगाळत आला किंवा आलाच नाही तर चोर सापडला. मात्र कॅम आधीच पुढे अडकलेला असेल तर पुढे पिळलाच जाणार नाही, तेव्हा मागे ढकलून बघा.

ग्वाल्हेरी_गोट :
काकांशी सहमत. फक्त एक भर, कंडेन्सरही (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा छोटा भाग) बघा. आमच्याकडे ग्वाल्हेरला उन्हाळ्यात हे फार होतं, थंडीत ठीक आणि गरम झाल्यावर कंडेन्सर दगा देतो. अंधारात झाकण उघडून गाडी चालू ठेवा, पॉइंटवर मोठी पांढरी-निळी ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेला. बारीकशी चमक असतेच, ती चालते. पॉइंटच्या एका तोंडावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा झालेला असला तरी कंडेन्सरकडे बोट जातं. आणि तसल्या पॉइंटवर फिलर गेजने गॅप खरा कळतच नाही, पाती उंचवट्यावर टेकते आणि आपण फसतो. पॉलिश पेपर नको, बारीक कानस हलक्या हाताने, नाहीतर सरळ नवे.

महूनाका :
मंडळी!! आत्ता बायपासला चक्कर मारून आलो, अजून हेल्मेटही ठेवलेलं नाही. झाकण काढलं, कॅम पुढे पिळायला गेलो तर हललाच नाही. मागे ढकलला तर मधासारखा चिकट-चिकट मागे आला आणि अर्ध्यावर थांबला. परत ढकलल्यावर उरलेला आला. काका तुम्ही इथे बसल्या बसल्या सांगितलंत! बाबांना सांगितलं तर ते नुसते म्हणाले, म्हटलं होतं ना.

आता हे खोलायचं कसं?

जुनी_डुगडुग :
घाई नाही, गाडी आज गार होऊ द्या.

खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, वायर कुठून गेलीय, फायबरचे वॉशर कुठल्या क्रमाने आहेत. पॉइंटच्या खिळ्यावरचे वॉशर उलटसुलट बसले तर सगळं सर्किट बॉडीला लागतं आणि ठिणगीच येत नाही, त्यात माणसाचा अख्खा दिवस जातो. प्लेटचे स्क्रू काढा, प्लेट उचला. खाली दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा दिसतील. रॉकेलमधे बारीक ब्रश बुडवून सगळं धुवा, वाळवा, वजनांच्या खिळ्यांना पातळ तेलाचा एकेक थेंब. तिथे ग्रीस भरू नका, ग्रीसनेच ही वेळ आणली. स्प्रिंगा दोन्ही बघा, वेटोळी एकमेकांना चिकटलेली पाहिजेत. एखादी ताणून ढिली झाली असेल तर ती बदला. ओढून, वाकवून, कापून आखूड करू नका, त्याने अ‍ॅडव्हान्स कुठल्या वेगाला येईल ते बदलतं. आणि शाफ्ट धरून आडवा हलवून बघा. बुश झिजला असेल तर शाफ्ट डुलतो आणि प्रत्येक फेरीला गॅप वेगळा येतो, मग कितीही प्रेमाने टायमिंग लावा, ते टिकत नाही.

येझदीवाली :
काका मधेच विचारते, माझ्याकडे येझदी रोडकिंग आहे. तिलाही असं खाली काही असतं का? आणि तिलाही ०.८ चालेल का?

जुनी_डुगडुग :
नाही ताई, ०.८ मुळीच नको. येझदी टू-स्ट्रोक, प्रत्येक फेरीला ठिणगी, पॉइंटचा कॅम सरळ क्रँकवर बसलेला, आणि रोडकिंगला ऑटो अ‍ॅडव्हान्स नाही. टायमिंग एकच, तेच किकला आणि तेच हायवेला, म्हणून तिचा आकडा बराच मोठा असतो. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा घ्या. बुलेटचा ०.८ इतका लहान दिसतो कारण तो वजनं पूर्ण आत असतानाचा आहे, पुढचं काम वजनं करतात. याच कारणाने जुनी इंग्रजी मॅन्युअलं वाचताना जपा. बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची, मद्रासला एन्फील्ड इंडिया १९५५ला सुरू झाली. तिकडच्या मॅग्नेटोवाल्या (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणाऱ्या) गाड्यांना हँडलवर हाताने अ‍ॅडव्हान्स करायची लिव्हर असायची आणि त्यांच्या पुस्तकात पूर्ण अ‍ॅडव्हान्सचा आकडा देतात. तो आकडा आपल्या पॉइंटवाल्या गाडीला थंड लावला तर पाय मोडेल.

येझदीवाली :
बापरे. नशीब विचारलं. थँक्यू काका.

महूनाका :
धुवून झालं. रॉकेल काळंकुट्ट निघालं. एक स्प्रिंग ढिली होती, छोटी ग्वालटोलीत तिसऱ्या दुकानात जोडी मिळाली. आता कॅम टचकन परत येतो, मी सकाळपासून दहा वेळा पिळून बघितला असेल, तो आवाज ऐकायलाच छान वाटतंय. शाफ्ट डुलत नाही. कंडेन्सरही नवा घातला. गॅप ०.३८ लावला. आता टायमिंग. सुई नको तर मग काय वापरू?

जुनी_डुगडुग :
दोन रस्ते आहेत. उत्तम म्हणजे डावीकडचं प्रायमरी कव्हर काढून क्रँकच्या टोकाला डिग्रीची चकती लावायची. त्यासाठी फूटरेस्ट, ऑइल सगळं काढावं लागतं, पण कधीतरी एकदा करून ठेवा, कायमची खूण करता येते. शाळेतला पूर्ण गोल कोनमापक पुठ्ठ्यावर चिकटवला तरी चालतो.

इथे टीडीसी शोधताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पिस्टन वर पोचला की तिथे थबकल्यासारखा वाटतो. आपला स्ट्रोक ९० मिमी, तरी टीडीसीच्या दोन डिग्री अलीकडे पिस्टन केसापेक्षाही कमी खाली असतो आणि पाच डिग्रीवर जेमतेम ०.२ मिमी. त्यामुळे डोळ्याने किंवा बोटाने "आता वर आला" म्हटलं की तीन-चार डिग्रीची चूक सहज होते. म्हणून वरची जागा शोधायचीच नाही. सायकलचा स्पोक प्लगच्या भोकातून टेकवा (लांब घ्या, आत पडायला नको), वर येताना स्पोकवर एक खूण करा आणि चकतीवरचा आकडा लिहा, मग टीडीसी ओलांडून पिस्टन खाली जाताना तीच खूण परत आली की दुसरा आकडा लिहा. दोन्हीच्या बरोबर मधे टीडीसी. खुणेच्या जागी पिस्टन चांगला वेगात असतो म्हणून आकडा पक्का मिळतो. स्पोक तिरका असला तरी दोन्ही वेळा तेवढाच तिरका, म्हणून इथे फरक पडत नाही. मग तिथून साडेनऊ डिग्री अलीकडे या, ०.८ मिमीचा हिशोब आपल्या इंजिनला साधारण तेवढाच येतो.

दुसरा रस्ता, कव्हर काढायचं नसेल तर, सुईच. पण जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून काढा, नुसता लोखंडी पिंजरा भोकात बसवा आणि त्यातून सरळ गज घाला म्हणजे डुगडुगणार नाही. तिरकेपणाची चूक उरतेच, पण ती टायमिंग थोडं मागे ठेवते, पायाला धोका नाही. नंतर रस्त्यावर चालवून केसभर पुढे घ्यायचं.

कुठलाही रस्ता घ्या, आधी कॉम्प्रेशन स्ट्रोक (दोन्ही व्हॉल्व बंद, पिस्टन वर येतोय) आहे का ते बघा. टॅपेटचं झाकण काढा, दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व उघडणारे गज) बोटांनी गरागरा फिरले पाहिजेत. थंड इंजिनवर ते मोकळे फिरावेत पण वरखाली वाजू नयेत, बुलेटच्या टॅपेटला वेगळा गॅप नसतोच. गाडी मेन स्टँडवर, चौथा गियर, प्लग काढलेला, आणि मागचं चाक हाताने पुढे. नेहमी पुढेच. खूण ओलांडली गेली तर बरंच मागे जाऊन परत पुढे या, कारण टायमिंग गियरमधे थोडी ढिलाई असते आणि उलट दिशेने आलात तर ती ढिलाई तुमच्या आकड्यात येते. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे बॉडी एक डिग्री हलवली की टायमिंग दोन डिग्री हललं. म्हणून अगदी केसभर. कॅमच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने बॉडी फिरवली की टायमिंग पुढे, त्याच दिशेने फिरवली की मागे.

ग्वाल्हेरी_गोट :
पॉइंट उघडण्याचा क्षण पकडायला आम्ही पतंगाचा कागद वापरतो. बारीक पट्टी पॉइंटमधे धरायची, हलका ताण ठेवायचा, आणि चाक हळू फिरवत जायचं. पट्टी सुटली तो क्षण. नंतर पट्टीने पॉइंट पुसून घ्या, धागा राहतो कधीकधी.

जुनी_डुगडुग :
कागद छान. किंवा १२ व्होल्टचा साधा पार्किंगचा बल्ब, एक टोक पॉइंटच्या टर्मिनलला, एक बॉडीला, चावी ऑन. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. काहीच नसेल तर हेडलाइटवरचा अँपिअरचा काटा बघा, पॉइंट बंद असताना तो डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मधे येतो. किक मारायच्या आधी डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडायची लिव्हर) दाबून काटा मधे आणायचा असं तुमच्या बाबांनी शिकवलं असेल, ते याचसाठी. फक्त चावी ऑन ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट बंद राहिले तर कॉइल तापते.

महूनाका :
शनिवारी पिंजऱ्याचा जुगाड करून लावलं. चाक फिरवायला मुलगी होती, बारा वर्षांची. मी कागद धरून बसलो आणि ती इंच-इंच चाक पुढे करत होती, "आता? आता?" विचारत. बाबांनी खुर्ची बोळात आणून ठेवली होती. पहिल्या वेळी खूण ओलांडली गेली, काकांनी सांगितलं तसं मागे जाऊन परत आलो. कागद सुटला, बोल्ट आवळला, बोल्ट आवळताना बॉडी थोडी फिरली म्हणून परत सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी जमलं.

पण पेट्रोलचं विचारायचंय, आता इथेनॉलवालं येतं त्याचा टायमिंगशी काही संबंध?

जुनी_डुगडुग :
तुमच्या गाडीचं कॉम्प्रेशन आजच्या गाड्यांच्या मानाने खूप कमी आहे, नॉकिंगच्या (पेट्रोल अवेळी पेटून खडखडण्याच्या) बाबतीत आजचं पेट्रोल तिला पुरून उरतं. टायमिंग आहे तेच ठेवा. इथेनॉलचा त्रास जुन्या रबराला होतो, म्हणून पेट्रोलचा पाइप आणि कॉकचं वॉशर नवीन घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

चढावर फुल रेसला ऐका. डब्यात खडे वाजल्यासारखा आवाज आला तर टायमिंग पुढे आहे, केसभर मागे घ्या. आवाज काही नाही पण गाडी ओढत नाही आणि बेंड तापून रंग बदलतो तर मागे आहे.

महूनाका :
काल ओंकारेश्वरला जाऊन आलो. परत येताना भेरूघाट तिसऱ्या गियरवर, खडखड अजिबात नाही, बेंडचा रंग जैसे थे. वर चढून सिमरोलला मुद्दाम बंद केली, दहा मिनिटं थांबलो, काटा मधे आणला. खरं सांगतो पाय थरथरत होता कारण घोट्याचं दुखणं अजून आठवतं. किक मारली, किक पूर्ण खाली गेली आणि गाडी सुरू. नंतर तेजाजी नगरला परत बंद करून बघितली, परत पहिल्याच किकला.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, स्लोवर ठेव जरा. ओट्यावर बसून दोन मिनिटं ऐकत राहिले. मग म्हणाले, एअर स्क्रू पाव फेरी बाहेर काढ. काढला. काढल्यावर आवाज जो बसला, एक-एक ठोका वेगळा मोजता येईल असा.

जुनी_डुगडुग :
पाचशे किलोमीटरनंतर गॅप परत बघा, टाच बसलेली असेल. आणि गॅप लावलात की टायमिंगही परत. पुढच्या वेळी कागद मुलीच्या हातात द्या, चाक तुम्ही फिरवा.